मॅडम, पोलीस खरंच तपास करतेत का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. हा प्रश्न मला कोर्टाच्या आवारात विचारला जातो, लग्नात विचारला जातो, एसटीत शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा विचारते. कुणाची विहिरीवरची मोटार गेलेली असते, कुणाची दारातली मोटारसायकल, तर कुणाच्या घरातला माणूस रस्त्यावर गेलेला असतो. मी बीड जिल्ह्यात मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावे चालवते. पोलिसांनी तयार केलेले कागद वाचणं हेच माझं रोजचं काम, म्हणून लोकांना वाटतं हिला माहीत असेल.

माझं उत्तर असं, की बहुतेक साध्या प्रकरणांत नीट तपास होत नाही. पण ‘पोलिसांना जमतच नाही’ असं कुणी म्हणालं तर ते मला पटत नाही. दरोडा किंवा खून झाला की स्थानिक गुन्हे शाखेचं पथक येतं, ठसेतज्ज्ञ येतात, मोबाईलचं लोकेशन निघतं आणि आरोपी परराज्यातून उचलून आणला जातो. हे मी पुष्कळदा पाहिलंय. म्हणजे कसब आहे. ते तुमच्या मोटारीपर्यंत आणि तुमच्या नवऱ्याच्या अपघातापर्यंत पोचत नाही, हे दुखणं आहे.

ते का पोचत नाही, हे बीट अंमलदाराचा दिवस पाहिला की कळतं. एक हवालदार, एक मदतनीस आणि पंधरा-वीस गावं. त्यांच्याकडेच समन्स-वॉरंट बजावणं, बांधावरच्या भांडणांचे अर्ज, पासपोर्टची पडताळणी, अकस्मात मृत्यूचे पंचनामे, कोर्टात साक्षी. त्यात बंदोबस्त आला की हातातलं सगळं खाली ठेवून निघायचं. आमच्या भागात बंदोबस्ताला सुटी नसते. नवरात्रात तुळजापूर, महाशिवरात्रीला परळी, नाथषष्ठीला पैठण, मध्ये निवडणुका, मोर्चे, मंत्र्यांचे दौरे. २०२३ च्या सप्टेंबरात अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला, त्यानंतर तर महिनोन्‌महिने या पट्ट्यातले पोलीस रस्त्यावरच होते. परवा झालेल्या अपघाताचा साक्षीदार गावात भेटेल तेव्हा त्याचा जबाब घ्यायचा असतो, आणि त्याच दिवशी जबाब घेणारा माणूस दुसऱ्या जिल्ह्यात बॅरिकेडजवळ उभा असतो.

यावरचा उपाय सर्वोच्च न्यायालयाने पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंह प्रकरणात २२ सप्टेंबर २००६ रोजीच सांगितला होता. तपास करणारे पोलीस आणि कायदा-सुव्यवस्था सांभाळणारे पोलीस वेगळे करा. पण सुरुवात कुठून करायची, तर दहा लाख आणि त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांपासून. २०११ च्या जनगणनेत मराठवाड्यातलं एकच शहर त्या आकड्याच्या वर होतं, ते म्हणजे औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. बाकीचा मुलूख त्या सुरुवातीच्या बाहेरच राहिला. सुरुवातीनंतरचा टप्पा आमच्या तालुक्यात आलेला मला तरी दिसत नाही.

चोरीचं थोडक्यात सांगते. दिवाळीनंतर ऊसतोडीला गावंच्या गावं निघून जातात, घरांना कुलपं लागतात, म्हातारी माणसं तेवढी मागे राहतात. त्या दिवसांत शेळ्या, केबल, मोटारी, सोयाबीनची पोती जातात. फिर्यादी कारखान्यावर, घर इथे. तो फोनवर ऐकतो आणि म्हणतो, पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावर, बघू. तोवर तपासायला काही उरत नाही. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांत पाच हजारांपेक्षा कमी किमतीची, पहिल्यांदा केलेली चोरी अदखलपात्र ठरवली आहे. अदखलपात्र म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. मला हे मुळीच पटत नाही. चोर कोण हेच ठाऊक नसताना ही त्याची पहिली चोरी की विसावी, हे ठाण्याच्या टेबलावर कुणी ठरवायचं? आणि चार हजारांची केबल गेली की कोरडवाहू शेतकऱ्याचं एक पाणी जातं, हे किमतीच्या रकान्यात कुठेच लिहिलं जात नाही.

आता अपघात. इथे मला जास्त बोलायचंय, कारण इथे तपासातली हयगय थेट घराच्या चुलीवर येते.

धुळे–सोलापूर महामार्गावर रात्री दुचाकीला मागून धडक बसते. किंवा ऊस भरलेली, मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अंधारात उभी असते आणि मोटारसायकल तिच्यात शिरते. लोक जमतात, जखमीला आधी जवळच्या दवाखान्यात आणि तिथून संभाजीनगरला घाटीत, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात नेतात. तिथे मृत्यू झाला तर त्याची नोंद तिथल्या ठाण्यात होते आणि कागद आपल्या हद्दीच्या ठाण्यात वर्ग होतात. घरचे अंत्यविधी, दहावा, तेरावा यात. फिर्याद द्यायला ते येतात तेव्हा रस्त्यावरच्या टायरच्या खुणा पुसलेल्या असतात, काचांचे तुकडे झाडून नेलेले असतात, ट्रॉली कारखान्यावर रिकामी होऊन परत उसाच्या फडात गेलेली असते. मग घटनास्थळ पंचनामा होतो. असे पंचनामे मी इतके वाचलेत की पुढची ओळ कोणती येणार हे मला आधीच कळतं: रस्ता डांबरी, दक्षिणोत्तर, दोन्ही बाजूंस शेती, विशेष काही मिळून आले नाही. रस्त्याची रुंदी नाही, वाहन कुठल्या बाजूला होतं ते नाही, जवळच्या ढाब्याचा कॅमेरा पाहिला का ते नाही. टोलनाक्यावर फास्टॅगमुळे टोल भरणाऱ्या प्रत्येक गाडीची वेळेसह नोंद असते, पण ती मागवल्याचं पत्र फाइलमध्ये क्वचित सापडतं. कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं, तोवर कुणी गेलं नाही तर संपलं.

शेवटी ‘अज्ञात वाहन’ असं लिहून ‘अ’ समरी पाठवली जाते. गुन्हा खरा, आरोपी सापडला नाही, फाइल बंद.

याची किंमत रुपयांत सांगते, म्हणजे लक्षात येईल. समजा तीस वर्षांचा गवंडी गेला. मागे बायको, दोन पोरं, आई. अपघाताचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाने त्याची महिन्याची कमाई १०,००० रुपये धरली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे पुढच्या वाढीचे ४० टक्के त्यात मिळवायचे, म्हणजे १४,०००. त्यातला पाव हिस्सा त्याच्या स्वतःच्या खर्चाचा वजा केला की १०,५००. वर्षाचे १,२६,०००. त्या वयाला ठरलेला गुणक १७, वर्षाच्या रकमेला तेवढ्याने गुणायचं. म्हणजे २१,४२,०००, आणि इतर रकमा वेगळ्या. हे पैसे विमा कंपनीकडून मिळतात, पण गाडीचा नंबर सापडला तरच. नंबर सापडला नाही तर अज्ञात वाहनांच्या अपघातांसाठी असलेल्या केंद्राच्या २०२२ च्या योजनेतून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार. एकोणीस लाखांहून जास्त फरक पडतो, आणि तो पहिल्या दोन-तीन दिवसांत ढाब्यावर आणि टोलनाक्यावर कुणी गेलं का, यावर पडतो. म्हणून कुणी मला म्हणालं की ‘माणूस तर गेला, आता तपास होऊन काय मिळणार’, तर मी त्यांना हा हिशोब कागदावर मांडून दाखवते.

घाईच्या तपासाची दुसरीही एक बाजू आहे. चालक बदलतो. परवाना नसलेल्या पोराच्या जागी मालकाचा दुसरा माणूस उभा राहतो. कधी भलतीच गाडी दाखवली जाते, आणि मग विमा कंपनी खऱ्या दाव्याकडेही संशयाने बघते. त्यात भरडते ती खरोखर विधवा झालेली बाई.

नियम नाहीत म्हणून हे होतं असं नाही. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांत अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायला सांगितलंय. अपघाताची माहिती जागेवरूनच संगणकावर भरायची केंद्राची योजना आली तेव्हा सुरुवातीच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. पण माहिती भरणारा तोच हवालदार. अपघाती मृत्यूला शिक्षा पाच वर्षांपर्यंत, आणि न्यायवैद्यक तज्ज्ञांनी जागेवर येणं बंधनकारक आहे ते सात वर्षांच्या किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत. एकट्या २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यांवर मेली, आणि त्यांच्यासाठी तज्ज्ञाची सक्ती नाही. हे बदललं पाहिजे. प्रत्येक तालुक्याला बंदोबस्तावर न पाठवता येणारे दोन तपासी अंमलदार द्या, अपघात आणि चोऱ्या एवढंच त्यांचं काम ठेवा. माझी मागणी एवढीच आहे आणि मी ती जिथे बोलायला मिळतं तिथे करते.

तोवर घरच्यांनी काय करायचं, तर कुणीतरी एकाने, चुलत भावाने, मेव्हण्याने, दवाखान्यातून निघून जागेवर जायचं. मोबाईलने फोटो काढायचे, ढाबेवाल्याला चित्रण जपून ठेव म्हणायचं आणि तसा लेखी अर्ज ठाण्यात देऊन पोच घ्यायची. फिर्यादीला उशीर झाला म्हणून घाबरू नका. उशीर हे एकच कारण दाखवून अपघाताचा दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलंय. ठाण्यात कुणी ऐकलं नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी द्या, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. महिनाभरात गाडी सापडली नाही तर भरपाईच्या योजनेची माहिती पोलिसांनी तुम्हाला लेखी द्यायची आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०२४ चा आदेश आहे. ते पत्र मागा. योजनेचा अर्ज अपघात जिथे झाला त्या उपविभागाच्या किंवा तालुक्याच्या दावा चौकशी अधिकाऱ्याकडे, म्हणजे उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे जातो.

आणि तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणं आता पोलिसांवर बंधनकारक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९३. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक घराला मी ती तारीख कॅलेंडरवर लिहायला लावते. त्या दिवसापर्यंत काही आलं नाही की दुसऱ्या दिवशी अर्ज तयार करून देते. पुष्कळदा त्या अर्जानंतर बीट अंमलदाराचा फोन येतो, आणि राहिलेला साक्षीदार कोणत्या गावचा, हे तो पहिल्यांदा विचारतो.