रोमचा शनिवार-रविवार: आधी वार बघा, मग विमान

युरोपात राहणाऱ्या चार मित्रांनी मिळून दोन दिवसांत रोम बघायचं ठरवलं की पहिली यादी होते ती ठिकाणांची. खरं तर आधी कॅलेंडर उघडायला हवं. रोममध्ये काय बघता येईल हे बऱ्याच अंशी त्या दिवशीचा वार ठरवतो.

व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं. अपवाद महिन्यातल्या शेवटच्या रविवारचा. त्या दिवशी ते ९ ते २ उघडं आणि फुकट असतं, साडेबारानंतर आत घेत नाहीत, आणि गर्दी एवढी की सिस्टीन चॅपेलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. कोलोसियमचं उलट: पहिल्या रविवारी फुकट, पण त्या दिवशी आगाऊ बुकिंग होत नाही, उन्हात रांग लावायची. त्यामुळे महिन्यातला पहिला आणि शेवटचा रविवार सोडून मधला धरा. शनिवार व्हॅटिकनला आणि रविवार प्राचीन रोमला द्या. हे गणित एकदा बसलं की बाकीचं आपोआप जुळत जातं.

विमानाचं तिकीट काढायच्या आधी कागदपत्रं तपासा. जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये राहणाऱ्याला तिथलं रेसिडेन्स कार्ड आणि पासपोर्ट पुरतो. लंडनहून येणाऱ्या मित्राकडे भारतीय पासपोर्ट असेल, तर ब्रिटनचा व्हिसा इथे चालत नाही, त्याला शेंगेन व्हिसा लागतोच. ग्रुपमध्ये असा एक जरी असला तरी तारीख त्याच्या व्हिसावर ठरते.

कोलोसियमची तिकिटं ३० दिवस आधी अधिकृत साइटवर खुली होतात. साधं तिकीट १८ युरोचं, त्यात कोलोसियम एकदा ठरलेल्या वेळी आणि शेजारचे फोरम (प्राचीन रोमचा चौक) व पॅलाटाइन टेकडी मिळून एकदा, सगळं २४ तासांत. ज्या तळघरात जनावरं आणि ग्लॅडिएटर थांबत, तिथे उतरायचं असेल तर २४ युरोचं वेगळं तिकीट लागतं आणि ते फार लवकर संपतं. तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं आणि दारावर ओळखपत्राशी ताडून बघतात. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, बुकिंग करणारा घाईत टोपणनाव टाकून मोकळा होतो. तसं करू नका, पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं भरा. सगळ्यांचे पासपोर्टचे फोटो बुकिंग करणाऱ्याकडे आधीच पाठवून ठेवलेले बरे. व्हॅटिकन म्युझियमचं तिकीट २० युरो आणि ऑनलाइन बुकिंगचे ५. ते पाच युरो वाचवण्याच्या फंदात पडू नका, त्यापायी सकाळ रांगेत जाते.

फ्यूमिचीनो विमानतळावरून तेर्मिनी स्टेशनला लिओनार्दो एक्सप्रेस ३२ मिनिटांत पोचवते, माणशी १४ युरो. चौघांचे झाले ५६. पांढऱ्या अधिकृत टॅक्सीचं जुन्या तटबंदीच्या आतलं भाडं ५५ युरोवर बांधलेलं आहे, तेही गाडीमागे, माणशी नव्हे आणि सामानासकट. म्हणजे चौघे असाल तर टॅक्सी थेट हॉटेलच्या दारात सोडते आणि वर एक युरो वाचतो. दोघे-तिघे असाल तर ट्रेन. टॅक्सीत बसायच्या आधी भाडं बोलून घ्या. आगमनाच्या दाराशी 'टॅक्सी, टॅक्सी' करत हटकणाऱ्यांना हे बांधलेलं भाडं लागू नसतं, त्यांच्यामागे जाऊ नका.

शहरात दीड युरोचं तिकीट १०० मिनिटं चालतं, पण त्यात मेट्रोचा प्रवास एकच. बँकेचं कार्ड थेट टेकवूनही जाता येतं. ग्रुपची गफलत इथेच होते: एकाच्या कार्डावर चौघांना जाता येत नाही, प्रत्येकाला आपलं वेगळं कार्ड किंवा फोन लागतो. कागदी तिकीट घेतलंत तर बसमध्ये चढल्याबरोबर पिवळ्या यंत्रात छापून घ्या. न छापलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, दंड भरावा लागतो. तेर्मिनीहून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस खिसेकापूंसाठी प्रसिद्ध आहे, तिथे पाठीवरची सॅक पोटावर घ्या.

शनिवारी सकाळी म्युझियमचा पहिला स्लॉट, आठचा. मेट्रोच्या ए लाइनवर ओत्ताव्यानोला उतरायचं. आत सगळं बघू गेलात तर सिस्टीनला पोचेपर्यंत मान आणि पाय दोन्ही जातात, म्हणून नकाशांचं दालन आणि राफाएलच्या खोल्या एवढंच मनापासून बघा. सिस्टीनमध्ये भिंतीलगत बाकं आहेत. गर्दीच्या मध्ये उभं राहून मान मोडण्यापेक्षा पाच मिनिटं थांबा, कुणीतरी उठतं. बसून बघितलं की मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ मध्ये रंगवलेलं छत नीट वाचता येतं. फोटो काढायला बंदी आहे, रखवालदार त्यावरून ओरडतातही.

शेजारच्या सेंट पीटर्स चर्चला प्रवेश फुकट, रांग असते ती सुरक्षा तपासणीची. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, हा नियम पुरुषांनाही आहे. हाफपँट घातलेला मित्र दारातून परत जातो आणि बाकीचे त्याच्यासाठी ताटकळतात. घुमटावर ५५१ पायऱ्या, लिफ्टने गेलात तरी ३२० उरतातच. शेवटचा जिना घुमटाच्या दोन कवचांमधून जातो. भिंत आत झुकत येते आणि माणूस एका अंगावर कलून चढतो. बंद जागेची भीती असणाऱ्याला आधी सांगा, कारण मध्येच मागे फिरता येत नाही. आणि चौकात एक गोष्ट चुकवू नका. वास्तुकार बेर्निनीने इथे २८४ खांब चार ओळींत उभे केले आहेत. कारंज्याजवळ फरसबंदीत एक गोल तबकडी बसवली आहे, तिच्यावर उभं राहून खांबांकडे बघा: मागच्या तिन्ही ओळी पहिलीच्या आड जातात आणि एकच ओळ उरते. एक पाऊल बाजूला सरका, जंगल परत उगवतं. इथे चौघांनी एकेक करून उभं राहावं, घाई करू नये.

दुपारी सांत'आंजेलोच्या पुलावरून नदी ओलांडून जुन्या गावात या. पँथिऑनचं, म्हणजे आता चर्च असलेल्या प्राचीन रोमन देवळाचं, तिकीट ५ युरो. शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी तिथे प्रार्थना असते, तेव्हा पर्यटकांना आत सोडत नाहीत, म्हणून चारच्या आत आत शिरा. ४३ मीटर व्यासाचा घुमट, माथ्यावर जवळपास ९ मीटरचं उघडं भोक. पाऊस सरळ आत पडतो, आणि मधली फरशी किंचित फुगीर असल्यामुळे पाणी छोट्या छिद्रांतून निघून जातं. खाली वाकून ती छिद्रं शोधा. त्रेवीचं कारंजं रात्री उशिरा किंवा पहाटे सहाला बघावं, मधल्या वेळात दिसतात ती फक्त डोकी.

पाणी विकत घेऊ नका. रोमभर लोखंडी नळ आहेत, नाझोनी नावाचे, म्हणजे मोठी नाकं. १८७४ पासून ही पाणपोई अखंड वाहते आहे, पाणी गार आणि पिण्याचं. नाकाच्या वरच्या अंगाला एक बारीक भोक असतं. खालचं तोंड बोटाने दाबलं की त्या भोकातून धार वर उडते, तिला तोंड लावायचं. जोरात दाबलंत तर शर्ट भिजतो.

आता शाकाहारी मंडळींसाठी. काचो ए पेपे म्हणजे चीज आणि मिरीचा पास्ता, मेनूत शाकाहारी दिसतो. पण त्यातलं पेकोरीनो रोमानो चीज कोकराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात, पार्मेजानो वासराच्या. हे चालत नसेल तर मारिनारा पिझ्झा मागा: टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, तेल, चीज मुळीच नाही. सुप्ली दिसते बटाटेवड्याच्या चुलतभावासारखी, आत मात्र भातासोबत बहुधा खिमा असतो. 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही, पुंतारेल्लेच्या हिरव्या कोशिंबिरीतही अँकोव्ही मासा वाटून घातलेला असतो. मासा नको हे वेगळं सांगा. कॉफी उभ्याने प्या, टेबलावर बसलात की तीच कॉफी महाग. बिल समसमान वाटायच्या पद्धतीला इटलीत 'आल्ला रोमाना' म्हणतात, रोमच्या रीतीने. पण एकाने मारिनारा आणि दुसऱ्याने कोकरू खाल्लं असेल, तर ही रीत बाजूला ठेवा आणि ज्याचं त्याने द्या.

रविवारी कोलोसियमचा पहिला स्लॉट, मग पॅलाटाइन टेकडी, मग फोरम. या क्रमात चढ आधी येतो, ऊन चढायच्या आत. फोरममधून एकदा बाहेर पडलात की परत आत घेत नाहीत, त्यामुळे फुटाफुट झाली तर भेटायची जागा आतलीच ठरवा. सेप्टिमियस सेव्हेरसची कमान सगळ्यांना सापडते. आत सावली फार कमी, टोपी हवीच. बूट जाड तळव्याचे, कारण आतही आणि गल्ल्यांतही काळे दगडी ठोकळे पायाला लागतात. बॅगेची चाकंही त्यांत अडकतात, म्हणून चाकाच्या बॅगेपेक्षा सॅक बरी.

जेवायला तिथून पायी ज्यू वस्तीत जा. शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंत तिथली कोशर हॉटेलं सब्बाथमुळे बंद असतात, रविवारी दुपारी उघडी. आर्टिचोक ही मोठ्या कळीसारखी भाजी, तिचा हंगाम हिवाळ्याच्या शेवटापासून वसंतापर्यंत, तेव्हा ती अख्खी दोनदा तळून फुलासारखी उलगडलेली मिळते. बाहेरच्या पाकळ्या कुरडईसारख्या मोडतात, आतला गाभा लोण्यासारखा.

संध्याकाळी आव्हेंतीनो टेकडी चढा. माल्टाच्या सरदारांच्या बंद फाटकाच्या किल्लीच्या भोकाला डोळा लावला की कुंपणाच्या दोन हिरव्या भिंतींमध्ये टोकाला सेंट पीटर्सचा घुमट दिसतो, अगदी मधोमध. फोनचा कॅमेरा आधी पानांवर फोकस धरतो, तेव्हा स्क्रीनवर घुमटावर बोट ठेवून मगच फोटो काढा. शेजारच्या संत्र्यांच्या बागेच्या कठड्यावर बसून सूर्यास्त बघा आणि उतरून मेट्रोची बी लाइन पकडा. चिर्को मास्सिमोहून तेर्मिनी तिसरं स्टेशन.