कॅमेरा दोन दिवसांत ठरला, केस मिळायला महिना गेला

स्कूबा डायव्हिंगसाठी कॅमेरा कुठला घ्यावा असं विचारणाऱ्याला मी हल्ली उलट विचारतो, केस कुठली मिळतेय ते आधी बघितलंस का? कॅमेरा कुणीही विकतो. त्याची पाण्याखालची केस, म्हणजे हाउसिंग, आपल्या मॉडेलची आणि आपल्या पत्त्यावर मिळवणं हे खरं काम. ते मी उलट्या क्रमाने केलं.

घर मालवणात, आणि ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचा पहिला कोर्स तारकर्लीला जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ठरलेला. वर्षभर शेजारची पोरं पर्यटकांचे व्हिडिओ काढताना बघत होतो, तेव्हा आपलाही एक असावा हे मनात होतंच. ऑस्मो ॲक्शन ४ हा कॅमेरा केसशिवाय १८ मीटरपर्यंत चालतो आणि ओपन वॉटरची मर्यादाही १८ मीटरच, म्हणून तो आधी डोक्यात होता. पण काठावरचा हिशोब मला आवडत नाही, आणि खिशालाही आवडला नाही. शेवटी ओळखीतल्या एकाचा वापरलेला गोप्रो हिरो ८ साडेतेरा हजारांना घेतला. हा नुसता १० मीटरपर्यंत. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ डाइव्हची खोली फार नसते, म्हटलं तर चाललंही असतं. पण जुन्या कॅमेऱ्याच्या बाजूच्या दाराच्या रबराचा भरवसा कोण देणार? शिवाय पुढेमागे कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाला जायचं मनात होतं. ६० मीटरची केस घ्यायची ठरली.

आता माझी चूक सांगतो, म्हणजे पुढचा राग एकतर्फी वाटणार नाही. ऑनलाइन जाहिरातीच्या नावात ‘गोप्रो हिरो वॉटरप्रूफ केस’ एवढंच ठळक होतं आणि मी तेवढंच वाचलं. हिरो ५, ६ आणि ७ ची केस एकच. ८ चं अंग वेगळं, त्याची केसही वेगळी. ९ पासून पुन्हा साचा बदलला. हे दुकानदाराने लिहिलं होतं, पण पाचव्या फोटोच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात. चार दिवसांत खोकं आलं. कॅमेरा आत बसवला तर मागचं झाकण बोटभर उघडंच राहिलं. दाबून बसेल म्हणून जोरही लावून बघितला, हे बायकोने बघितलंय, तेव्हा लपवत नाही.

परत पाठवायची विनंती टाकली ७ जानेवारीला. ॲपवर हिरवी खूण: ‘उद्या पिकअप’. दुसऱ्या दिवशी रजा टाकून पडवीत बसलो. संध्याकाळी मेसेज: ‘ग्राहक घरी उपलब्ध नाही, पिकअप पुढे ढकलला.’ मी पडवीत, खोकं मांडीवर! फोन केला. बाईंनी जवळची खूण विचारली, सांगितली. तिसऱ्या दिवशी तोच मेसेज. पुन्हा फोन, नवा माणूस, पुन्हा खूण. त्याने वर विचारलं, ‘सर, मालवण म्हणजे रत्नागिरीत ना?’

पाचव्या खेपेला एका भल्या मुलीने खरं सांगून टाकलं. आमच्या पिनकोडवर डिलिव्हरी आहे, परत नेण्याची सेवा नाही. पण सिस्टीमला ते माहीत नसल्यामुळे ती रोज नवी तारीख देते. मग ‘तुम्हीच पाठवा’ हा पर्याय का दिसत नाही? तर पिकअप तीनदा ‘ग्राहकाने रद्द केला’ अशी नोंद झाल्यावरच तो उघडतो. माझी नोंद होती ‘उपलब्ध नाही’. म्हणजे घरी बसून वाट बघणाऱ्याला शिक्षा, आणि रद्द करणाऱ्याला सोय. मी लगेच तीन दिवस लागोपाठ रद्द केला.

पर्याय उघडला तर फॉर्म. त्यात पार्सल ज्या पिशवीत आलं तिच्यावरच्या बारकोडचा फोटो हवा. पिशवी आमच्याकडे ओल्या काजूबिया ठेवायला गेली होती. शोधली, पुसली, अर्धा बारकोड निघाला, फॉर्मने नाकारला. सकाळच्या उन्हात चुरगळा सपाट करून सहाव्यांदा काढलेला फोटो चालला. (म्हणून सांगतो, काहीही मागवलंत तरी पैसे वळते होईपर्यंत पिशवी फेकू नका.) पोस्टात मात्र दहा मिनिटांत स्पीड पोस्ट झालं. काउंटरवरच्या बाईंनी सुतळीची एक गाठ जास्तीची मारून दिली.

दरम्यान ८ ची केस कोल्हापूरला राहणाऱ्या मेव्हण्याने एका दुकानातून घेऊन एसटीने पाठवली. त्याला कॅमेऱ्याच्या मॉडेल नंबरचा फोटो पाठवून आधी जुळवून बघायला लावलं. हे पहिल्यांदाच केलं असतं तर वरचे चार परिच्छेद लिहायची वेळ आली नसती.

आणि एवढा जीव टाकल्यावर कोर्सच्या पहिल्या दिवशी इन्स्ट्रक्टर म्हणतो, ‘चार डाइव्ह होईपर्यंत कॅमेरो हातात नाय. आधी तुका तरंगूक शिकूक होया, फोटो मगे.’ बरोबरच होतं त्याचं. पहिल्या डाइव्हला मी कधी वर, कधी खाली, लिंबासारखा हेलकावत होतो. त्यात हातात कॅमेरा असता तर प्रवाळावरच आपटलो असतो.

कॅमेरा नेला तो कोर्स संपल्यावरच्या डाइव्हला. केस आदल्या रात्री बादलीत तपासली: आत कॅमेऱ्याऐवजी टिश्यू पेपर, वरून दगड, अर्धा तास. पेपर कोरडा निघाला. रबरी रिंगवर डोक्याचा एक केस जरी अडकला तरी पाणी शिरतं, म्हणून ती बोट फिरवून बघायची. तरीही पहिल्याच दहा मिनिटांत काच आतून धुरकटली. होडीत उन्हात तापलेली आपली दमट हवा केसमध्ये कोंडली गेली आणि पाणी गार. तेव्हापासून केस पहाटे घरीच बंद करतो, आत सिलिका जेलची पुडी टाकतो आणि होडीत ओल्या टॉवेलखाली ठेवतो.

स्क्रीनला हात लावून पाण्याखाली काही होत नाही, सगळं सेटिंग वरच. लाल रंग चार-पाच मीटरवरच विरत जातो, म्हणून निळ्या पाण्यात लाल फिल्टर लावतात. आमच्याकडचं पाणी हिरवट, त्याला गुलाबी-जांभळट फिल्टर बरा पडतो. टॉर्च लेन्सला चिकटून धरला तर पाण्यातला गाळच चमकतो, फिल्ममध्ये बर्फ पडतोय असं वाटतं. आणि माशाजवळ हळूहळू जा, झूम करू नका. वर आल्यावर गोड्या पाण्यात बुडवून बटणं दाबायची, मगच पुसून उघडायची.

अकरा मिनिटांच्या चित्रणात साडेआठ मिनिटं माझा अंगठा आहे. बाकीत काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या माशांचा एक थवा येतो आणि किल्ल्याच्या बाजूला निघून जातो. तेवढा भाग मी रोज बघतो.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कुडाळहून एक पोरगा बाइकवर दारात: ‘पिकअपसाठी आलंय.’ पार्सल पोचून पैसेही वळते झाले होते. त्याला सोलकढी दिली. ॲप त्याला कारण भरल्याशिवाय पुढे जाऊ देईना. यादीतून त्याने निवडलं, ‘ग्राहक घरी उपलब्ध नाही.’ पेला माझ्या हातात दिला आणि गेला.