विंगेतला खोकला

शाळेच्या हीरक महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी पाठवा असा कमिटीचा फोन आला तेव्हा मी मढला सिरियलच्या सेटवर मेकअप करून बसलो होतो. सकाळी 9 चा कॉलटाईम आणि माझा सीन संध्याकाळी, चरित्र अभिनेत्याचं असंच असतं, म्हणून तिथेच मोबाईलवर टाईप करायला घेतलं. चार ओळीत बसणार नाही हे आधीच सांगतो. आणि शाळा म्हटलं की मला सरच आठवतात, बाकीच्या शिक्षकांनी राग मानू नये. नाव लिहायची गरज नाही, आपल्याकडे नुसतं सर म्हटलं की एकच.

आठवीतलं गॅदरिंग, 1975 साल. सरांनी नाटकातली कामं वाटली आणि मला आजोबांचं काम दिलं, पण हे आजोबा स्टेजवर येतच नाहीत! आतल्या खोलीत आजारी, फक्त खोकतात, आख्ख्या नाटकात चार वेळा. वाक्य एकही नाही. मला रडूच आलं, कारण घरी आईला सांगून ठेवलेलं की मला नाटकात काम मिळालंय.

शाळा सुटल्यावर सरांनी मला व्हरांड्यात बसवलं आणि विचारलं, पहिल्यांदा म्हातारा का खोकतो? मी म्हटलं आजारी आहे म्हणून. "आजारी तो चारही वेळा आहेच मरे. पहिल्यांदा खोकतो ते सुनेने पाणी आणावं म्हणून. दुसऱ्यांदा बाहेर मुलगे वाटणीचं बोलतायत, ते मला ऐकू येतंय हे त्यांना कळावं म्हणून. तिसरा मात्र खरा, दाबायला बघतो पण दाबला जात नाही." आणि चौथा? चौथा तू शोधून आण म्हणाले.

आठ दिवस मला काही सापडेना. मी घरी आजोबांच्या बाजूला झोपायचो. एके रात्री जत्रेतलं नाटक अर्ध्यावर सोडून काका मागच्या दाराने हळूच आत आला, तेव्हा अंधारात आजोबा हलकेच खोकले. रागाने नाही. मी जागा आहे, आलास ना, झोप आता, एवढंच. नाटकात शेवटी थोरला मुलगा रात्री परत येतो तिथे मी तो खोकला लावला. तालमीत सर काही बोलले नाहीत, नुसते चष्मा पुसत राहिले.

प्रयोगाच्या दिवशी आई ठेवणीतलं लुगडं नेसून तिसऱ्या रांगेत बसलेली आणि मी डाव्या विंगेत पडद्याच्या दोरीशेजारी स्टुलावर. नाटक संपल्यावर सर तिच्याकडे गेले आणि म्हणाले, खोकला तुमच्या मुलाचा होता हां. आई म्हणाली, "कळलं मला. शेवटचा आमच्या मामंजींचा."

माझं पुढचं सगळं करिअर त्या स्टुलावरूनच सुरू झालं असं मी मानतो. सर आम्हाला नेहमी मुंबई आकाशवाणीच्या 'पुन्हा प्रपंच'मधल्या टेकाडे भावजींचं उदाहरण द्यायचे, बाळ कुडतरकरांचा आवाज, आडनाव आमच्या गोव्याच्या सासष्टीतल्या कुडतरी गावचं, आणि म्हणायचे की माणूस दिसत नाही पण घरातलाच वाटतो की नाही? 1984 ला मी आल्तिनो टेकडीची चढण चढून पणजी आकाशवाणीवर ऑडिशनला गेलो. तेच केंद्र, 1946 साली पोर्तुगीजांच्या काळात एमिसोरा द गोवा म्हणून सुरू झालेलं. रेडिओ नाटकाची शिस्त वेगळीच. स्क्रिप्टची पानं सुटी ठेवायची, वाचून झालेलं पान आवाज न करता खाली सोडायचं, ओरडायचं असेल तर माईकपासून मागे सरायचं, कानात बोलायचं असेल तर जवळ यायचं. मला हे फार शिकवावं लागलं नाही. श्रुतिका, म्हणजे रेडिओवरचं नाटक, लागली की चौथ्या दिवशी सरांचं पोस्टकार्ड यायचं, त्यात स्तुती एक ओळ आणि चुका पाच.

पुढे कला अकादमीच्या नाट्यस्पर्धा झाल्या, मग मुंबई. सिनेमात हवालदार, तलाठी, भटजी आणि बरेचदा हिरॉइनचा बाप. क्लोजअपमध्ये रेडिओची सवय नडते, आवाजात सगळं आलं की चेहरा मोकळा राहतो, ते शिकायला मला दोन वर्षं गेली. डबिंगला मात्र रेडिओच कामी आला. 1999 ला अल्फा मराठी, म्हणजे आताचं झी मराठी, सुरू झालं, डेली सिरियल्स वाढल्या आणि पहिल्यांदा घर नीट चालायला लागलं. पेमेंट तीन महिन्यांनी, एका निर्मात्याने तर दिलंच नाही, पण असो. आज बाजारात लोक मला सिरियलमधल्या नावाने हाक मारतात आणि मला ते आवडतं.

मागच्या गॅदरिंगचा व्हिडिओ कुणीतरी ग्रुपवर टाकलेला. हॉल सुंदर झालाय, कौलं जाऊन स्लॅब आला, लाईट्स मस्त. पण मुलं आधी रेकॉर्ड केलेल्या डायलॉगवर नुसते ओठ हलवत होती. मला फार वाईट वाटलं. अहो आवाज फुटू दे, चुकू दे, पण त्यांचा स्वतःचा येऊ दे. कमिटीला माझी हात जोडून विनंती आहे, वर्षाला एक तरी नाटक मुलांच्या खऱ्या आवाजात करा, मी सुट्टी काढून शिकवायला येतो, मानधन नको.

शेवटच्या काही वर्षांत काचबिंदूने सरांची नजर गेली होती. टीव्ही लावून माझी सिरियल नुसती ऐकायचे आणि भाग संपला की साडेआठला फोन. "आज दोन वाक्यं घाईत टाकलीस." किंवा "दार लावल्यावर थांबलास ते बरं केलंस." दार लावल्यावर मी थांबलो हे डोळ्यांनी बघणाऱ्यांतल्या एकानेही मला सांगितलं नव्हतं.

सर गेले तेव्हा शूटिंग सोडून येता आलं नाही, ते मला अजून टोचतं. त्याच आठवड्यात एक सीन होता, मुलगा रात्री उशिरा घरी येतो आणि बाप आतून विचारतो, आलास का रे. मी डायरेक्टरला म्हटलं वाक्य काढूया, मी आतून फक्त खोकतो. तो तयार झाला. तो भाग लागला त्या रात्री साडेनऊ वाजेपर्यंत मी फोन हातात घेऊन बसलो होतो.