'दे' म्हणायला अकरा धातू

मराठी माध्यमाच्या आपल्या शाळेला पन्नास वर्षे झाली, तेव्हा मातृभाषेतल्या शिक्षणावर लिहा, असे संपादकांनी कळवले. शाळेचे गुणगान इतर करतीलच. मी लिहितो अमेरिकेतल्या नवाहो या मूलनिवासी लोकांच्या भाषेविषयी. तिथे शिकवणे आजी-आजोबांवाचून अडते.

मराठीत 'दे' म्हटले की सफरचंद, काठी, कागद, काहीही हातात येते. नवाहोत वस्तूच्या रूपावर धातू, म्हणजे क्रियापदाचे मूळ, बदलतो. घट्ट गोळा, ताठ काठी, दोरी, कापड, पेल्यातले पाणी, ओला चिखल, जिवंत कोकरू, प्रत्येकाला वेगळा. यंग आणि मॉर्गन यांच्या व्याकरणात असे अकरा गट आहेत. यांतले विल्यम मॉर्गन स्वतः नवाहो. धातू असे बदलतात म्हणूनच रंग, आकडे, प्राण्यांची नावे घोकून घेणारा वर्ग फसतो: मूल शब्द म्हणते, पण त्याला वाक्य जुळवता येत नाही. वर्गात चित्रे नकोत, खऱ्या वस्तू हव्यात, आणि नेमका धातू वापरून मागितल्याशिवाय वस्तू देऊ नये.

सुराचेही तसेच. 'आझे' खालच्या सुरात औषध, उंच सुरात तोंड. लिहिताना फरक एवढाच की स्वरावर तिरकी रेघ येते, आणि घाईत नेमकी तीच गळते. जाणत्या आजी-आजोबांचा कान पक्का, पण बऱ्याच जणांना लिपी येत नाही. तरुण शिक्षिकेचे उलटे. दोघांची जोडी लावावी लागते.

ॲरिझोनातल्या फोर्ट डिफायन्सच्या शाळेत 1986 मध्ये बालवर्गापासून नवाहोतूनच शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला. तेव्हा बऱ्यापैकी नवाहो बोलणारी पाच वर्षांची मुले दहांत एकही नव्हती. पहिलीपर्यंत जवळजवळ सगळे शिकवणे नवाहोत, दुसरी-तिसरीत निम्मे. शिवाय घरातल्या एका मोठ्याने रोज संध्याकाळी मुलाशी नवाहोतच बोलायचे, ही पालकांना अट. माझ्या मते खरी मेख हीच. चौथीपर्यंत ही मुले स्थानिक चाचण्यांत इंग्रजीत मागे पडली नाहीत, गणितात तर पुढे होती.

बिघडते ते थट्टेने. मुलाचा धातू चुकला की मोठे हसतात, आणि मूल इंग्रजीवर जाते. हसण्याऐवजी बरोबर वाक्य सहज पुन्हा म्हणावे.

ऋतूही पाळावा लागतो. कोल्ह्याच्या गोष्टी आणि बोटांवरचे दोऱ्याचे खेळ फक्त हिवाळ्यात, वसंतातला पहिला गडगडाट होईपर्यंत. छापील वेळापत्रकात हा घटक मे महिन्यात टाकला, तर जुन्या रीती पाळणारे जाणते शिकवायला तयार होत नाहीत.