या वयात किमो?

"अगं या वयात कशाला त्यांना किमोचा त्रास" हे इतक्यांदा ऐकलंय ना, की आता समोरच्याने तोंड उघडलं की मला कळतं. रामबागेतल्या आत्यापासून भिशीतल्या बायकांपर्यंत सगळ्यांचं तेच. बाबा ७८ चे, प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत गेलेला, हार्मोनच्या इंजेक्शनवर बरेच दिवस छान चाललं होतं, मग पीएसए (रक्तातला प्रोस्टेटचा आकडा, त्यावरून आजार वाढतोय का कळतं) परत चढायला लागला आणि कंबर अशी धरली की रात्री कूस बदलवेना.

डॉक्टरांनी वयाचं फार काही केलं नाही. जिना चढतात का, आंघोळ आपली आपण करतात का, वजन किती उतरलं, दुसऱ्या गोळ्या किती, विसरायला होतं का, हेच विचारत बसले. मला पटलं बुवा. ऐंशीचा माणूस रोज बगिच्यात चकरा मारतो आणि सत्तरीचा अंथरुणाला खिळलेला असतो.

औषध डोसेटॅक्सेल, दर ३ आठवड्यांनी सलाईनमधून, जोडीला प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या. २००४ च्या ज्या मोठ्या अभ्यासावरून हे सुरू झालं त्यात जुन्या किमोवर माणसं १६.५ महिने जगली आणि याच्यावर १८.९. बाबा बँकेतले, लगेच म्हणाले म्हणजे जेमतेम अडीच महिनेच ना! आता हा रांगेतल्या मधल्या माणसाचा आकडा, कुणाला बरंच जास्त मिळतं कुणाला काहीच नाही, पण त्यातच दुखणंही जास्त जणांचं कमी झालं होतं. तेवढ्यासाठी करू म्हणाले.

केस गेले, होतेच किती. खरी भीती तापाची. आठवड्याभराने पांढऱ्या पेशी उतरतात, तेव्हा ताप १००.४ ला गेला की रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं, घरी क्रोसिन देऊन सकाळची वाट बघत बसायचं नाही. बाहेरचे पोहे बंद, घरच्या गरम पोह्यांवर शेव-जिरावण चालतं पण कच्चा कांदा नाही, त्यावरून रुसवा. स्टिरॉइडने शुगर चढते ते वेगळंच.

आणि बोटं. या औषधाने हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. नखं काळी पडलीत, शर्टाची बटणं आई लावते, पायातली चप्पल निसटली तरी त्यांना पत्ता नसतो, त्यामुळे जिन्यावर कुणीतरी मागे असतंच. डॉक्टरांनी डोस कमी केलाय, दर २ आठवड्यांनी थोडा थोडा द्यायचीही पद्धत आहे, त्यात पांढऱ्या पेशी कमी कोसळतात. मुंग्या अजून वाढल्या तर बंद करायचं, हे बाबांनी आधीच सांगून ठेवलंय आणि डॉक्टरही हो म्हणालेत. सोमवारी ब्लड टेस्ट आहे, रिपोर्ट बघून पुढचं ठरेल.