आई-बाबांना जमेल असा एक रिमोट: माझा अनुभव

आमच्या कोथरूडच्या घरात हॉलमध्ये थोडा जुना सोनीचा टीव्ही, एव्ही रिसिव्हर (मशीनांचा आवाज स्पीकरला पोचवणारा डबा), डीटीएचचा सेट टॉप बॉक्स, यूट्यूबसाठी फायर टीव्ही स्टिक आणि एक ब्लू रे प्लेअर आहे. ५.१ चे, म्हणजे पाच आणि एक घुमणाऱ्या आवाजाचा, असे स्पीकर मी मोठ्या हौसेने लावलेत, पण लावणारा मी दिवसभर हिंजवडीत आणि घरी आई-बाबा, म्हणजे ज्याला येतं तो घरी नाही आणि जे घरी आहेत त्यांच्यापुढे पाच रिमोट. दुपारी फोन ठरलेला, "अरे चित्र दिसतंय पण आवाज नाहीये". मग मी मीटिंगमधून बाहेर येऊन विचारायचं की रिसिव्हरच्या डिस्प्लेवर काय लिहिलंय आणि आईने सांगायचं "निळं काहीतरी दिसतंय". एकदा बाबांनी सरळ सांगितलं की तुझे ते स्पीकर काढून टाक, टीव्हीचा आवाज काय वाईट आहे. तिथे मात्र मला लागलं, आणि म्हटलं आता हे नीट सोडवायचंच.

पहिल्यांदा बाजारात न जाता एक रविवार नुसतं बघत बसलो की ही दोघं नक्की करतात काय. तर आईला संध्याकाळच्या मालिका आणि दुपारी यूट्यूबवर रेसिपी आणि कीर्तन, बाबांना बातम्या आणि क्रिकेट. बस. म्हणजे कामं दोनच, बॉक्स बघणे आणि स्टिक बघणे, आणि दोन्हीत आवाज कमी-जास्त. ब्लू रे फक्त मी लावतो. मग लागणारी बटणं कागदावर लिहिली तर ती वीस-बावीसच्या पुढे गेली नाहीत, आणि पाच रिमोटवरची मिळून असतील शे-दोनशे. रिमोट शोधणाऱ्या कोणालाही मी हेच सांगतो, आधी घरातल्या माणसांची यादी करा, मशीनची नंतर.

आता पर्याय. सगळ्यात आधी फोन. माझ्या शाओमीच्या फोनला आयआर ब्लास्टर आहे, म्हणजे रिमोटसारखा डोळ्याला न दिसणारा उजेड (आयआर) तोही सोडतो, त्यातलं अ‍ॅप टीव्ही, रिसिव्हर सगळं चालवतं. पण तो फोन माझ्या खिशात हिंजवडीला जातो, आईच्या फोनला ती सोय नाही, आणि खरं सांगायचं तर दाराची बेल वाजल्यावर आवाज कमी करायला आधी फोनचं लॉक उघडा, अ‍ॅप शोधा, हे मलाच नको वाटतं. अंधारात बोटाला कळतील अशी खरीखुरी बटणंच पाहिजेत.

दुसरा पर्याय फुकटातला. बऱ्याच सेट टॉप बॉक्सच्या रिमोटवर टीव्हीची तीन-चार बटणं शिकवायची, म्हणजे टीव्हीच्या रिमोटचा इशारा (कोड) उचलून घ्यायची सोय असते, पॉवर, आवाज, म्यूट वगैरे. लोक त्यात टीव्हीचा आवाज शिकवतात, पण शिकवणारा प्रकार असेल तर तिथे रिसिव्हरचा आवाजही शिकवता येतो हे फार कोणाच्या लक्षात येत नाही. फायर स्टिकच्या रिमोटमध्येही सेटिंग्जमध्ये इक्विपमेंट कंट्रोल म्हणून आहे, तिथे रिसिव्हर निवडला की आवाजाचं बटण थेट रिसिव्हरवर जातं. हे दोन्ही केलं आणि पाचाचे दोन रिमोट झाले. ज्यांचं एवढ्यात भागतंय त्यांनी खरंच इथेच थांबावं. आमचं भागलं नाही, कारण बॉक्सवरून स्टिकवर जाताना रिसिव्हरचं इनपुट बदलायला लागायचं आणि दुपारचा फोन तिथूनच यायचा.

तिसरा म्हणजे मोठा, अक्कल असलेला रिमोट. यात वर्षानुवर्षं नाव होतं लॉजिटेकच्या हार्मनीचं, एक बटण दाबलं की टीव्ही चालू, रिसिव्हर चालू, इनपुट बरोबर. पण कंपनीने २०२१ मध्ये तो बनवायचं थांबवलं, आता मिळतात ते जुने नाहीतर वापरलेले. त्या धर्तीचे दुसऱ्या कंपन्यांचे रिमोट मिळतात, तेही बघितले. यांची गोम अशी की कुठलं मशीन चालू आहे आणि कुठलं बंद हे रिमोट स्वतःच्या डोक्यात धरून चालतो. बहुतेक मशीनचं पॉवरचं बटण एकच असतं, दाबलं की चालू, परत दाबलं की बंद, त्यामुळे रिमोटच्या मनात "चालू" आणि मशीन प्रत्यक्षात बंद असं झालं की सगळं उलटं चालतं. आणि आमच्याकडे रोज रात्री झोपताना बाबा भिंतीवरचा मेन स्विच बंद करतात. मोबाईलचा चार्जरसुद्धा काढून ठेवणारा माणूस आहे, त्यांना स्टँडबायचा लाल दिवा बघवत नाही. शिवाय गुरुवारी लाईट जाणार ते वेगळंच. मित्राकडचा असा एक रिमोट दोन दिवस आणून बघितला, पहिल्याच सकाळी टीव्ही चालू झाला की रिसिव्हर बंद, रिसिव्हर चालू केला की टीव्ही बंद. रिमोटवर मदत म्हणून बटण होतं, ते दाबलं की तो इंग्रजीत प्रश्न विचारायचा. आईने तो टीपॉयवर पालथा ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

तेव्हा लक्षात आलं की आधी टीव्हीच्या मागच्या वायरी बदलायला पाहिजेत. मी पद्धतशीर सगळी मशीनं रिसिव्हरमध्ये लावली होती आणि रिसिव्हरमधून एक वायर टीव्हीला. पुस्तकात तसंच देतात. आता बॉक्स आणि स्टिक दोन्ही थेट टीव्हीला लावले, आणि टीव्हीच्या ज्या एचडीएमआयवर एआरसी लिहिलेलं असतं तिथून वायर रिसिव्हरला, म्हणजे आवाज टीव्हीकडून उलटा रिसिव्हरकडे येतो. ही सोय एचडीएमआय १.४ पासून, म्हणजे २००९ पासून आहे. आणि दोन्हीकडे सीईसी चालू केलं, म्हणजे त्याच वायरीतून मशीनं एकमेकांना हुकूम देतात ती सोय. मेनूमध्ये सीईसी या नावाने शोधाल तर सापडेलच असं नाही, सोनीवर त्याला ब्राव्हिया सिंक म्हणतात, सॅमसंगवर अ‍ॅनीनेट प्लस, एलजीवर सिम्पलिंक. एवढं केल्यावर टीव्ही चालू झाला की रिसिव्हर आपोआप जागा होतो आणि टीव्हीचाच आवाज घेतो, टीव्ही बंद झाला की तोही बंद. रिसिव्हरचं इनपुट हा विषयच संपला. आणि यात कोणी काही लक्षात ठेवत नाही, मशीनं एकमेकांना तिथल्या तिथे सांगतात, त्यामुळे मेन स्विच बंद करा नाहीतर लाईट जाऊ दे, सकाळी सगळं ठीक. ब्लू रे तेवढा रिसिव्हरलाच ठेवला कारण त्यातला पूर्ण दर्जाचा आवाज साध्या एआरसीतून जात नाही, त्याला एआरसीचाच सुधारलेला प्रकार, ईएआरसी, लागतं जे माझ्या टीव्हीला नाहीये. तो मीच लावतो, माझं मी बघीन.

आता रिमोट निवडणं बरंच सोपं झालं. अट एकच धरली, वरती टीव्ही, एसटीबी (सेट टॉप बॉक्स), डीव्हीडी अशी मोड बदलायची बटणं वापरायला लागू नयेत. युनिव्हर्सल म्हणून मिळणाऱ्या स्वस्त रिमोटमध्ये हाच घोळ असतो, चुकून डीव्हीडी दाबलं गेलं की अख्खा रिमोट मुका, आणि का ते आईला कळणार नाही. मला पाहिजे होता असा लर्निंग रिमोट ज्याच्या प्रत्येक बटणाला वेगवेगळ्या मशीनचं काम शिकवता येईल, आवाज रिसिव्हरचा, आकडे बॉक्सचे, बाण टीव्हीचे, सगळं एकाच वेळी. शिवाय मोठी रबरी बटणं, अक्षरं छापून वर आलेली, आणि साधे पेन्सिल सेल.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो, इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानांची गल्ली. वनाजहून मेट्रो, सिव्हिल कोर्टला बदलून मंडईला उतरायचं आणि चालत, गाडी नेऊन बुधवारात पार्किंग शोधण्यापेक्षा शंभर पटीने बरं. जाताना घरचे सगळे रिमोट पिशवीत घेतले, हे अगदी महत्त्वाचं, कारण दुकानात पहिला प्रश्न तोच, "जुना आणलाय का?" पहिल्या दुकानात "घ्या साहेब, सगळ्याला चालतो" म्हणून मोडवालाच हातात दिला. पुढच्या दुकानातल्या काकांना मी म्हटलं एक बटण इथेच शिकवून दाखवा, तर त्यांनी चष्मा कपाळावर घेतला, दोन रिमोट समोरासमोर काउंटरवर ठेवले आणि दिलं करून. "वरचा ट्यूबलाइट बंद कर रे" असं पोराला ओरडले ते मात्र ऐकण्यासारखं होतं, कारण शिकवताना ट्यूब नाहीतर ऊन समोर असेल तर कोड खराब घेतला जातो. मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबलं की जांभळट उजेड दिसतो, तो दिसला की रिमोट निदान काही तरी पाठवतोय हे नक्की. मागच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा दिसत नाही, त्याला फिल्टर असतो.

घरी शिकवायला बसलो ते टेबलावर, दोन्ही रिमोटची नाकं समोरासमोर, मध्ये दोन-तीन बोटं अंतर. आवाजाचं बटण हलकंच दाबायचं, दाबून धरलं तर कधीकधी तो लांबलचक कोड घेतो आणि नंतर एकदा दाबलं की आवाज भसकन वाढतो. खरी मजा बॉक्सच्या आकड्यांनी आणली. चॅनलच्या नंबरात एकच आकडा लागोपाठ दोनदा आला की दुसरा आकडा लागतच नव्हता. कारण असं की काही मशीनच्या कोडमध्ये प्रत्येक वेळी बटण दाबलं की एक खूण उलटी होते, त्यावरून बॉक्सला कळतं की हे नवीन दाबणं आहे का जुनंच धरून ठेवलंय. शिकवलेल्या रिमोटने ती खूण एकदाच पाठ केलेली असते, सारखी तीच पाठवतो, मग बॉक्सला वाटतं बोट उचललंच नाहीये. नशिबाने या रिमोटमध्ये तयार कोडची यादीपण होती, आकडे तिथून घेतले आणि चॅनल बरोबर लागायला लागले. म्हणून शिकता येणं आणि तयार कोड, दोन्ही असलेलाच घ्या.

फायर स्टिकला आयआर कळतच नाही, तिचा रिमोट ब्लूटूथवर चालतो, त्यामुळे लर्निंग रिमोट तिला थेट काही सांगू शकत नाही. इथे परत सीईसी कामाला आलं. टीव्हीचे बाण, ओके आणि बॅक नव्या रिमोटला शिकवले, टीव्हीवर स्टिक चालू असली की टीव्ही तेच पुढे स्टिकला पोचवतो. फक्त बोलून शोधायचं बटण असं जात नाही, आणि आईला तर "ज्वारीच्या भाकरी" असं बोलूनच शोधायला आवडतं, मग स्टिकचा मूळ रिमोट राहिला तिच्या खुर्चीच्या हाताशी. एकच रिमोट म्हणत म्हणत शेवटी दीड झाला म्हणा.

राहिलं इनपुट. टीव्हीच्या मूळ रिमोटवर एकच इनपुटचं बटण, दाबत दाबत यादीतून जायचं. मला एका बटणाने थेट बॉक्स आणि एका बटणाने थेट स्टिक पाहिजे होती. टीव्हीला असे थेट कोड कळत होते, फक्त त्याच्या रिमोटवर बटणं दिलेली नव्हती. माझ्या फोनच्या अ‍ॅपमध्ये मात्र एचडीएमआय १, एचडीएमआय २ अशी वेगळी बटणं सापडली, मग काय, फोनच रिमोटसमोर धरला आणि ते कोड फोनकडून शिकवले. हे चाललं तेव्हा मी एकटाच हॉलमध्ये "येस" म्हणून ओरडलो, बायको म्हणाली मॅच आहे का.

त्या दोन बटणांवर आईने स्वतःच टिकल्या लावल्या, लाल म्हणजे मालिका आणि हिरवी म्हणजे यूट्यूब. मखमली टिकली असल्यामुळे अंधारात बोटालाही कळते, इतकं चांगलं मला सुचलं नसतं. आठवड्यानी बदलायला लागते एवढंच. बाबांना मी काही समजावायला गेलो नाही, आईने समजावलं, आणि तिचं समजावणं दोन वाक्यांचं होतं, "पॉवर, मग लाल. बाकीच्याला हात लावायचा नाही." सेट टॉप बॉक्स आम्ही रिमोटने बंदच करत नाही, तो रात्री मेन स्विचनेच जातो आणि सकाळी सुरू व्हायला थोडा वेळ घेतो, तेवढ्यात बाबांचा चहा होतो.

कोणी घेणार असेल तर दोन बारीक गोष्टी. मूळ रिमोट टाकून देऊ नका, नवीन पडला, पाण्यात गेला की परत शिकवायला तेच लागतात, फक्त त्यातले सेल काढून ठेवा नाहीतर फुटून आतून गंज धरतो. आणि कुठल्या बटणाला काय शिकवलंय त्याचा एक कागद लिहून टीव्हीच्या मागे चिकटवा, मी लिहिलाय, मराठीत, मोठ्या अक्षरात. रिमोटवर चार रंगीत बटणं रिकामी होती, त्यातल्या निळ्यावर परवा बाबांनी हॉलमधल्या पंख्याचा रिमोट शिकवून घेतला, आमचा पंखा आयआरवालाच आहे. आता स्पीड कमी-जास्तसाठी अजून दोन बटणं पाहिजेत म्हणतायत, पिवळं आणि हिरवं देऊन टाकीन.