सोनेतारणवाल्याची मुंबई

डोंबिवली स्टेशनवरून मुलीच्या घरी चालत जाताना मी सोनेतारण कर्जाच्या सात पाट्या मोजल्या. सवय, दुसरं काय. सांगलीकडच्या एका सहकारी बँकेत माझी तेवीस वर्षं तारण विभागात गेली. बांगडी तळहातावर घेतली की खड्यांचं वजन वजा करून सोनं किती, हे मी आजही बऱ्यापैकी सांगतो. 'तारण' म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे येते ती कापडी पिशवी, तिच्यावरचं लाखेचं सील आणि सराफाच्या मूल्यांकनाचा कागद. त्यामुळे रविवारी सकाळी भायखळ्याच्या चर्चमध्ये पाळकसाहेबांनी "तुमचं तारण झालं आहे का?" असं विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून "किती तोळ्यांवर?" निघता निघता राहिलं. ख्रिस्ती मराठीत तारण म्हणजे पापातून सुटका.

मी तिथे कसा पोचलो, ते सांगतो. शाखेत माझ्या शेजारच्या टेबलावर अकरा वर्षं एक मित्र बसायचा. आम्ही त्याला नगरकर म्हणायचो. ते आडनाव नव्हे, नगरकडचा म्हणून नगरकर. घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती, मराठी आमच्यापेक्षा सरस. निवृत्तीनंतर तो भांडुपला मुलाकडे आला. मुंबईत येतोयस तर रविवारी आमच्या उपासनेला ये, म्हणाला. मेगाब्लॉक होता. डोंबिवलीहून भायखळ्याला जायला दीड तास गेला आणि पोचलो तेव्हा पहिलं गीत संपत आलं होतं.

चर्च म्हणजे ऑर्गन आणि इंग्रजी, अशी माझी समजूत. इथे पेटी होती, तबला होता, आणि म्हणत होते ते चक्क अभंगाच्या वळणाचं. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, त्यांची ही परंपरा. पण चाली आपल्याकडच्या, आणि त्याचं बरंचसं श्रेय नारायण वामन टिळकांना. रेल्वेच्या डब्यात एका सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, ठेवला आणि पुढे १८९५ साली याच मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. देवाला पतितपावन म्हणत त्याच्या दारात उभं राहायची सवय असलेल्या माणसाला तो पूल फार लांबीचा वाटला नसावा.

मग सगळ्यांनी डोळे मिटून प्रभूची प्रार्थना म्हटली. त्यातल्या एका ओळीने मी डोळे उघडले. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." पाप नाही, अपराध नाही, ऋण! मी आजूबाजूला पाहिलं. कोणाला काही वेगळं वाटल्याचं दिसलं नाही. रोज म्हणणाऱ्याला वाटतही नसेल. माझ्यासारख्या वसुलीवाल्याला मात्र ती सरळ आपल्यालाच उद्देशून म्हटल्यासारखी वाटली.

प्रवचन होतं मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यावर. दाखला म्हणजे येशूने शिकवण देताना सांगितलेली गोष्ट. मळेवाला पहाटे नाक्यावर जाऊन मजूर ठरवतो, दिवसाला एक दिनार. पुन्हा नऊ वाजता जातो, बाराला जातो, तीनला जातो. पाच वाजता जातो तेव्हाही काही जण उभेच असतात. दिवसभर रिकामे का उभे आहात, असं विचारल्यावर ते म्हणतात, आम्हांला कोणी कामावर लावलंच नाही. संध्याकाळी हिशेब होतो आणि सगळ्यांच्या हातावर एक एक दिनार पडतो. दिवसभर उन्हात राबलेले चिडतात. चिडणारच. ज्याने सकाळचा मजूरनाका पाहिला आहे, दहा वाजले तरी डबा आणि थापी घेऊन उभा असलेला माणूस पाहिला आहे, त्याला हा दाखला समजावून सांगावा लागत नाही.

बाहेर येऊन चहा घेताना मी नगरकरला म्हटलं, "ही तर कर्जमाफी झाली."

"झालीच."

"मग नियमित हप्ते भरणाऱ्याने काय पाप केलंय?"

तो हसला. हा प्रश्न आम्ही दोघांनी काउंटरवर शेकडो वेळा ऐकला होता. २०१७ च्या कर्जमाफीत नियमित फेडणाऱ्यांसाठी सरकारला वेगळी प्रोत्साहनपर रक्कम ठेवावी लागली, ती काय उगाच? "तुझ्या त्या प्रश्नासाठीच येशूने हा दाखला सांगितला," नगरकर म्हणाला. "आणि दुसरं म्हणजे, माफी झाली म्हणून बँकेचे पैसे बुडाले का? नाही ना? तिजोरीतून आले. कोणीतरी भरल्याशिवाय खातं बंद होत नाही. आमच्याकडे ते क्रुसावर भरले गेले."

त्याने खिशातला नवा करार काढून रोमकरांस पत्राचा तिसरा अध्याय दाखवला. 'खंडणी भरून प्राप्त झालेली मुक्ती.' खंडणी या शब्दाला मुंबईत जो वास आहे तो जरा बाजूला ठेवा. गुलामाची किंवा कैद्याची किंमत मोजून त्याला सोडवून आणायचं, ही इथली कल्पना. आणि पान उलटून इफिसकरांस पत्र: "कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तुमचे तारण झालेले आहे." पुढे लिहिलंय की हे कर्मांनी झालेलं नाही, हे दान आहे, म्हणजे कोणी फुशारकी मारू नये. सोप्या मराठीत सांगायचं तर फुकट. आमच्या धंद्यात कर्जदार तारण आणून देतो. इथे देणेकरी हात हलवत येतो आणि तारण धनकोच्याच घरातून निघतं. ऐकायला बरं वाटलं. पटलं नाही. फुकट म्हटलं की मी आधी अटी वाचतो.

पुन्हा भेटलो बुधवारी, सीएसएमटीला. फोर्टातलं सेंट थॉमस कॅथेड्रल बघून घेतलं. सतराव्या शतकात पाया घातला, मग बांधकाम वर्षानुवर्षं रखडलं आणि १७१८ साली ते उपासनेला खुलं झालं. किल्ल्याच्या तटाच्या ज्या दरवाजातून या चर्चकडे वाट यायची, त्यावरून चर्चगेट. आत भिंतीभर संगमरवर. कंपनीचे अधिकारी, दर्यावर्दी, न्यायाधीश, आणि प्रत्येकाखाली त्याच्या सद्गुणांची यादी. कर्मांनी तारण नाही असं जिथे तीनशे वर्षं वाचलं जातंय, तिथल्याच भिंती कर्तबगारीने भरलेल्या. मी हे बोलून दाखवलं तर नगरकर म्हणाला, "ते मागे राहिलेल्यांनी कोरलंय."

चर्चगेटहून दादर. पोर्तुगीज चर्च हा बसचा थांबा म्हणून मुंबईकरांच्या तोंडी आहे, पण त्या चर्चचं खरं नाव 'अवर लेडी ऑफ साल्व्हेशन', म्हणजे तारणाची माउली. मूळ चर्च १५९६ चं, फ्रान्सिस्कनांनी बांधलेलं. आताची इमारत १९७० च्या दशकातली, वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांची. उंच शिखर नाही, दबदबा नाही. काँक्रीटच्या कवचांची छपरं, मध्ये मोकळी अंगणं, आणि आत शिरलं की गोखले रोडचे हॉर्न एकदम दूर जातात. आम्ही तिथे बराच वेळ बसलो आणि भांडलो.

भांडण मूळ पापावरून, म्हणजे माणूस जन्मतःच पापी असतो या शिकवणीवरून. तान्ह्या बाळाला कसलं पाप, हा माझा प्रश्न. आपल्याकडे पाप म्हणजे करणी, चित्रगुप्ताच्या वहीतली एक नोंद. केलंच नाही तर नोंद कुठली? नगरकर म्हणाला, नोंद नव्हे, काटा. सराफाचा काटा मुळातच एका बाजूला कललेला असेल तर तू कितीही प्रामाणिकपणे वजन कर, चुकणारच. आदामापासून माणसाचा काटा कललेला आहे, हे संत ऑगस्टीनचं म्हणणं. पेलाजियस नावाच्या संन्याशाचं म्हणणं उलटं होतं, की माणूस मनावर घेईल तर स्वतःच्या बळावर नीट वागू शकतो. पाचव्या शतकात त्याची शिकवण चर्चने नाकारली. मला विचाराल तर पेलाजियस आमच्या शाखेत शोभला असता. आम्ही सगळे त्याच मताचे.

पुढचा प्रश्न कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांचा. १५१७ साली मार्टिन ल्यूथरने सुरू केलेला वाद शेवटी येऊन ठेपला तो तारण होतं कसं, यावरच. ल्यूथरच्या मते देव पाप्याला नीतिमान ठरवतो, एका निकालाने, ख्रिस्ताच्या जमेवर. कॅथलिक चर्चने ट्रेंटच्या परिषदेत उत्तर दिलं की कृपा नुसती ठरवत नाही, ती माणसाला आतून नीतिमान करत जाते, आणि त्या कामात माणसाने साथ द्यायची असते. बाप्तिस्मा, धर्मगुरूपुढचं पापनिवेदन, मिस्सा म्हणजे कॅथलिकांची उपासना, ही त्या कृपेची साधनं. आरंभ मात्र दोघांच्याही मते देवाकडूनच, माणसाच्या कमाईने नव्हे. १९९९ साली लुथरन आणि कॅथलिकांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या करून या वादातलं बरंचसं मिटवलं. जवळजवळ पाच शतकांचं प्रकरण! आमच्याकडे सर्वांत जुनी थकबाकी एकोणीस वर्षांची होती.

"आणि तुझं काय?" मी विचारलं. "तुझं झालंय तारण?"

"झालंय," नगरकर म्हणाला. अगदी सहज, पेन्शन जमा झाल्यासारखं. मला त्याचा थोडा रागच आला.

दादरहून माहीमला. तिथल्या सेंट मायकेल चर्चमध्ये बुधवारी नोव्हेना असते, १९४८ पासून. नऊ बुधवार यायचं, मागणं मागायचं. येणाऱ्यांत हिंदू असतात, मुसलमान असतात, परीक्षा देणारी पोरं असतात. नगरकरला हे फारसं रुचत नाही. "हा नवस झाला, कृपा कुठे राहिली?" मग स्वतःच म्हणाला की लहानपणी त्याला विषमज्वर झाला, तेव्हा त्याच्या आजीने पाळकांना न सांगता मोत माउलीला, म्हणजे बांद्र्याच्या माउंट मेरीला, मेणबत्ती पाठवली होती.

तो बुधवार साधा नव्हता. राखेचा बुधवार होता, ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून राख करतात आणि कपाळावर क्रूस काढतात. तू माती आहेस आणि मातीला मिळशील, असं म्हणतात. मी गर्दीबरोबर सरकत सरकत रांगेत कधी शिरलो ते कळलंच नाही. कोणी जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. ख्रिस्तप्रसाद कॅथलिकांनाच देतात, राख मात्र कोणीही घ्यावी. पांडुरंगाचा बुक्का लागणाऱ्या कपाळावर राख लागली. फारसा फरक जाणवला नाही.

बाकावर शेजारी एक वसईकडच्या बाई होत्या. त्यांनी सांगितलं, मिस्सेच्या सुरुवातीला एरवी पापांची कबुली म्हणतात, आज गाळतात, राख हीच कबुली. त्या कबुलीत चार कलमं आहेत. विचाराने केलेलं पाप, शब्दाने केलेलं, कृतीने केलेलं, आणि चौथं, जे करायला हवं होतं ते न करून केलेलं. पापनिवेदनाच्या रांगेकडे बोट दाखवून म्हणाल्या, फादरांना तिथे ऐकलेलं मरेपर्यंत कोणाला सांगता येत नाही, कोर्टालासुद्धा नाही. आणि गंभीर पाप ठरायला तीन गोष्टी लागतात. बाब गंभीर हवी, पूर्ण जाणीव हवी, आणि स्वतःच्या मर्जीने केलेलं हवं.

त्यांचं बोलणं संपलं आणि मी मनातल्या मनात शाखेतले जुने कागद तपासू लागलो. मिरजेकडच्या एका बाईंच्या पाटल्या होत्या, चार तोळ्यांच्या. नवरा आजारी, खातं थकलेलं, शुक्रवारी लिलाव. त्या सोमवारी आल्या आणि पंधरा दिवस मागितले. मुदत द्यायचा अधिकार मॅनेजरला होता, पण खालून दोन ओळींची शिफारस लागायची. मार्चअखेर होती, ऑडिटचे शेरे डोक्यावर होते. मी त्या दोन ओळी लिहिल्या नाहीत. बेकायदा काहीच नव्हतं. नोटीस गेली होती, पोचपावती होती. बाई रडल्या नाहीत, की भांडल्या नाहीत. लिलावानंतर पुन्हा आल्या आणि पाटल्या ठेवलेली कापडी पिशवी तेवढी मागितली. तीही सापडली नाही.

बाब गंभीर, जाणीव पूर्ण, मर्जी माझी. तिन्ही कागद जागेवर.

बांद्र्याला माउंट मेरीला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. सप्टेंबरातली जत्रा नसल्यामुळे चढावर गर्दी नव्हती. बाहेर मेणाच्या वस्तू मांडलेल्या. हात, पाय, बाळ, घर. जे दुखतं किंवा जे हवं, त्याच्या आकाराची मेणबत्ती. विकणाऱ्या मावशींनी विचारलं, कशासाठी हवी? मी मांडणीवरून दोनदा नजर फिरवली. पिशवी नव्हती. साधी सरळ मेणबत्ती घेतली.

उतरताना समुद्राकडे तोंड करून एका कट्ट्यावर बसलो आणि नगरकरला ते सगळं सांगितलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. त्याच्या टेबलाची फाईल होती ती खरं तर, पण त्या आठवड्यात तो चुलते आजारी म्हणून नगरला गेला होता आणि काम माझ्याकडे आलं. मला वाटलं, आता तो नवा करार काढणार. त्याने खिशाला हातही लावला नाही. बराच वेळ समोरचा पूल बघत राहिला.

"त्या बाई माझ्याकडे आधीच्या शुक्रवारी येऊन गेल्या होत्या," तो म्हणाला. "नगरला कोणीही आजारी नव्हतं."